हिरेमळा शाळेला गरजू ठरविणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
शाळा विकास आराखडा कक्ष,
सोलापूर.

मार्फत : मा. केंद्रप्रमुख (वाचून पुढे पाठवावे, कपाटात ठेवू नये.)

विषय : आमच्या शाळेस दिलेले ‘स्वयंपूर्ण शाळा’ हे प्रमाणपत्र परत घेऊन शाळा गरजू ठरविणेबाबत, तसेच चिक्कमळा शाळा आमच्याइतकी गरजू नसल्याची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : १) जिल्हा शाळा विकास आराखडा, ‘समन्याय’ हे प्रकरण.
२) पाहणी समितीची आमच्या शाळेस भेट.
३) जादा बाके देण्याबाबत आपल्या कक्षाचा आदेश.

महोदय,

मी श्रीमती शिवलीला सोमशेखर बिराजदार, मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा हिरेमळा, ता. अक्कलकोट. आमच्याकडे कन्नडमध्ये ‘हिरे’ म्हणजे थोरला आणि ‘चिक्क’ म्हणजे धाकटा. आमचा हिरेमळा थोरला आहे, ओढ्यापलीकडची वस्ती चिक्कमळा धाकटी आहे, आणि हे दोन्ही गावांत कोणीही सांगेल. फक्त आपल्या आराखड्यात ते उलटे झाले आहे. म्हणून हा अर्ज.

१. आपला आराखडा मी अथपासून इतिपर्यंत वाचला आहे. उद्दिष्टे उत्तम आहेत. प्रत्येक मूल तिसरीपर्यंत वाचते व्हावे, प्रत्येक वर्ग धड भिंतींच्या आत भरावा, आणि ज्या शाळेची गरज मोठी तिला निधी आधी मिळावा. याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की गरज आमची मोठी असताना निधी महादेवीबाईंना मिळाला.

२. श्रीमती महादेवी कलशेट्टी या चिक्कमळा शाळेच्या मुख्याध्यापिका. आम्ही दोघी सोलापुरात एकाच अध्यापक विद्यालयात होतो. गुण मला जास्त होते. परंतु तालुक्याच्या लेझीम स्पर्धेत ढाल त्यांच्याकडे जाते, दुधनीच्या बाजारात पालक नमस्कार त्यांना आधी करतात, आणि केंद्रातल्या बैठकीत डबे उघडले की सगळ्यांचे हात त्यांच्या शेंगाचटणीकडे जातात. माझ्याही डब्यात शेंगाचटणीच असते. हा मजकूर विषयाला सोडून आहे असे मा. केंद्रप्रमुखांना वाटेल. तो सोडून नाही.

३. पाहणी समिती येणार असल्याचे पत्र आले, त्यात ‘शाळा आहे त्या स्थितीत दाखवावी’ असे वाक्य होते. असे वाक्य प्रत्येक पत्रात असते आणि आजवर कोणत्याही मुख्याध्यापिकेने ते मनावर घेतलेले नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आहे तसे कोण दाखवते? आम्ही चुना मारला, अंगण सारवले, रांगोळी काढली, शाल-श्रीफळ आणले. आमच्या दोन खोल्यांपैकी तिसरी-चौथीच्या खोलीत भिंतीला वरून खालपर्यंत भेग आहे. ती दाखवायची हे मी पक्के ठरवले होते, कारण नवी खोली मिळेल तर त्या भेगेमुळेच मिळेल हे मला कळत होते. पण चुना मारून झाल्यावर एवढ्या पांढऱ्या भिंतीवर ती भेग इतकी वाईट दिसू लागली की माझ्याच्याने बघवेना. मी तिच्यावर महाराष्ट्राचा नकाशा लावला. आमच्या स्वयंपाकी मीनाबाई लांबून बघून म्हणाल्या, “बाई, नकाशा जरा वर घ्या की, भेग वरनं डोकवायलीय.” म्हणून तो वर घेतला.

४. आता बाकांचा मुद्दा. आमची मुले सतरंजीवर बसतात. चिक्कमळ्याला एका जुन्या विद्यार्थ्याने दिलेली बारा बाके होती. (आमचेही जुने विद्यार्थी आहेत. ते फक्त लग्नपत्रिका देतात.) मी महादेवीबाईंकडे एका दिवसापुरती बाके मागितली. त्यांनी एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. उलट म्हणाल्या, “न्या की शिवलीलाबाई, तुमच्याकडं साहेब येणार हायत, आमच्याकडं कोण यायलंय?” वर हातांची खुर्चीही दिली, साहेबांना बसायला. ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा त्यांनीच सांगितली. यात त्यांचा काही डाव होता असे मी म्हणत नाही. परंतु डाव असता तर तो याहून चांगला जमला नसता, याची नोंद घ्यावी.

५. समिती आली. समितीचे प्रमुख त्या खुर्चीवर बसले. बाकांवरची मुले पाहून त्यांना समाधान वाटले. मग त्यांनी नकाशाजवळ जाऊन चौथीतल्या कु. भुवनेश्वरीला सोलापूर दाखवायला सांगितले. भुवनेश्वरी आमच्या शाळेतली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी. तिने सोलापूरवर बोट अगदी हलके ठेवले, कारण नकाशा दाबायचा नाही असे मी सगळ्यांना बजावले होते. तरी मागून थोडी माती सुळकन खाली आली. साहेबांना ती खडूची पूड वाटली. त्यांनी शेरा लिहिला, ‘विद्यार्थी शैक्षणिक साहित्य जपून हाताळतात.’

६. समितीचे काम लवकर आटोपले. ते म्हणाले, जवळ आणखी एक शाळा आहे ना, तीही बघून टाकू. मी जेवणाचा आग्रह केला, ओढ्याला पाणी आहे असेही सांगितले, पण गाडी गेलीच. ट्रॉली त्या वेळी माझ्या अंगणात उभी होती. पलीकडे महादेवीबाई मुलांबरोबर जमिनीवर मांडी घालून शिकवत होत्या, कारण त्यांची बाके आणि खुर्ची माझ्याकडे होती. समितीला गहिवरून आले असे ऐकते. येईल नाही तर काय! मी बघायला असते तर मलाही आले असते, आणि मग मी घरी जाऊन चरफडले असते.

७. आराखडा जाहीर झाला. चिक्कमळा पहिल्या टप्प्यात : नवी वर्गखोली, नवी बाके आणि शिकवण्याचा मोठा पडदा. हिरेमळा शेवटच्या टप्प्यात, आणि सोबत ‘स्वयंपूर्ण शाळा’ हे चौकटीतले प्रमाणपत्र. ते लावायलाही खिळा ठोकण्याजोगी धड भिंत हवी, म्हणून ते तांदळाच्या पिंपावर ठेवले आहे. त्यानंतर संदर्भ तीनचा आदेश आला, की आमच्याकडील जादा बारा बाके गरजू चिक्कमळा शाळेस तत्काळ द्यावीत. ती मी भेटीच्या दिवशी संध्याकाळीच परत पाठवली होती. तसे कळवल्यावर आदेशाआधीच अंमलबजावणी केल्याबद्दल आपल्याकडून माझे अभिनंदन आले. साहेब, मी सत्तावीस वर्षे नोकरी केली, माझे पहिले अभिनंदन हे.

८. पडदा सुरू झाल्यापासून आमची मुले ओढा ओलांडून तिकडे जाऊ लागली आहेत. पालकांना मी काय सांगणार? पहिली गेली ती भुवनेश्वरी. मी तिला वाटेत गाठून विचारले, इथे काय कमी होते? ती खाली मान घालून म्हणाली, “बाई, तितं पडद्यावर हत्ती चालतो. मी त्याचं सगळं वाचून दाखवते.” तिला वाचायला मी शिकवले. बाराखडी माझी, जोडाक्षरे माझी, आणि हत्ती महादेवीबाईंचा. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. तिचा शाळा सोडल्याचा दाखला महादेवीबाईंनी दोन वेळा मागवला. मी दिलेला नाही व देणार नाही. खिडकीचा उजेड येतो म्हणून नकाशाखाली तिची जागा होती, तिथे मी दुसऱ्या कोणालाही बसू देत नाही. पडद्याचे कौतुक चार दिवसांचे असते. ती परत येईल.

९. मागील आठवड्यात महादेवीबाई स्वतः स्कूटी घेऊन माझ्याकडे आल्या. आपल्या कक्षाच्या नावे लिहिलेले एक पत्र त्यांनी आणले होते. बाके व खुर्ची चिक्कमळ्याची होती, समितीने पाहिले ते खरे चित्र नव्हते, सबब पहिल्या टप्प्यातील वर्गखोली हिरेमळ्यास द्यावी, असा मजकूर. मी विचारले, आणि तुमचे काय? त्यांनी उठून नकाशामागे हात घातला. कोपरापर्यंत गेला. म्हणाल्या, “तुमची भिंत फुटलीया बाई. आमची नुसती जुनी हाय.” एवढे बोलून चहाही न घेता गेल्या. ते पत्र मी रात्री पुन्हा वाचले. अक्षर मोत्यासारखे, एक खाडाखोड नाही.

१०. ते पत्र मी या अर्जास जोडणार नाही. कारण स्पष्ट लिहिते. उद्या खोली झाली तर तिच्या उद्घाटनाला महादेवीबाईंचा सत्कार होईल, सगळे त्यांच्या मनाच्या मोठेपणावर बोलतील आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मला पुढे बसवतील. जन्मभर मुले महादेवीबाईंनी दिलेल्या खोलीत बसतील. आम्हाला खोली हवी ती आपल्या समन्यायाची, त्यांच्या उपकाराची नको.

११. तरी विनंती, की समितीची भेट पुन्हा व्हावी. ती न कळवता व्हावी, म्हणजे मला चुना मारण्याचा मोह होणार नाही. प्रमाणपत्र परत घ्यावे. या अर्जाची प्रत चिक्कमळा शाळेस देऊ नये.

वरील मजकूर सोमवारी लिहिला. आज बुधवार. तो फाडून नवा लिहायला हवा हे मला समजते, पण तेवढे मन थाऱ्यावर नाही.

काल दुपारी तिसरी-चौथीचा वर्ग चालू असताना नकाशा खाली आला आणि त्याच्यामागोमाग भिंत आली. पूर्ण नाही. खिडकीपासूनचा भाग, दगडमातीसकट. मुले फळ्याच्या बाजूला बसली होती. सगळी धुळीने माखली, रडली, पण खरचटलेसुद्धा कोणाला नाही. मीनाबाईंनी आणि मी मुले बाहेर काढून मोजली, नंतर पुन्हा मोजली. मग मी आत गेले. जो ढीग पडला होता तो भुवनेश्वरीच्या जागेवर पडला होता. ती जागा वर्गात एकटीच रिकामी होती.

महोदय, ती मुलगी त्या वेळी चिक्कमळ्यात हत्तीबद्दल वाचत होती.

महादेवीबाई धावत आल्या आणि त्यांनीही मुले मोजली. आमची तिसरी-चौथी आजपासून त्यांच्या व्हरांड्यात, त्यांच्याच बाकांवर बसते आहे. माझ्या मनातली आग विझली असे मी लिहिणार नाही, कारण सकाळी तो पडदा पाहून पुन्हा पोटात दुखलेच. पण मुद्दा दहा मागे घेते. खोली कोणाच्याही मोठेपणाने मिळो, लवकर मिळो. टाळ्या वाजवायला मी पुढे बसेन.

सोबतची कागदपत्रे पाहून निर्णय व्हावा. आणखी काही दडवलेले नाही.

आपली नम्र,
(सही)
शिवलीला सोमशेखर बिराजदार
मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, हिरेमळा

दिनांक : १०/०९/२०२५

सोबत :
१) भिंतीची छायाचित्रे, चुन्याआधीची व कालची.
२) ‘स्वयंपूर्ण शाळा’ प्रमाणपत्र, मूळ प्रत, चौकटीसह.
३) श्रीमती महादेवी कलशेट्टी यांचे पत्र.
४) कु. भुवनेश्वरी हिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत. मूळ दाखला आज सही करून चिक्कमळा शाळेस मी स्वतः नेऊन दिला.