नेलिदाला मी काहीही देत नाही

मी, लेओकादिया यारांगा, वय वर्षे अडुसष्ट, काम वस्तीच्या सामुदायिक भटारखान्यात स्वयंपाक, राहणार नुएवा आलबोरादा वस्ती, वरची पायऱ्यांची गल्ली, लिमा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मूत्रपिंडं ठिकाणावर नाहीत, पण सही त्यांना करायची नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही की धाक दाखवलेला नाही. नोटरीकडचा कारकून म्हणाला, "आजी, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. का द्यायचं ते लिहायची पद्धत नाही." मी म्हटलं, "लेकरा, का ते लिहिलं नाही तर ही माणसं माझं ऐकायची नाहीत. तू आमची गल्ली बघितलेली नाहीस." त्याने मान हलवली आणि मला आणखी कागद दिले.

कलम पहिले. माझी नात नेलिदा, जिला ती रांगत होती तेव्हापासून मी वाढवलं, तिला मी माझ्या मिळकतीतलं काहीही देत नाही. घर नाही, भांडं नाही, चमचासुद्धा नाही. "म्हातारी शेवटी उलटली" असं म्हणायला ज्यांची जीभ आत्ताच वळवळते आहे त्यांनी ती जरा आवरावी आणि पुढचं वाचावं. नेलिदाची शाळा डिसेंबरात संपते. ती सरकारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार आहे आणि पास होणार आहे. मग जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, घर बघायला माणूस येईल. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, घरात काय काय आहे, घर कोणाचं, हे तो लिहून नेईल. त्यावरून ठरेल की पोर गरीब आहे की नाही. गरीब ठरली तर फी, जेवणखाण, पुस्तकं, बसचं भाडं, सगळं मिळेल. नाही ठरली तर काही नाही. तो माणूस येईल तेव्हा मी नसेन, असं डॉक्टरच्या तोंडावरून दिसतं. म्हणून ही सगळी लिहापढी.

कलम दुसरे, माझा नातू विल्मेर ह्याच्याविषयी. तो कोणाचा वारस नाही, कारण तो सहा वर्षांपूर्वी गेला. तरीही ह्या कागदात त्याचं कलम असलंच पाहिजे. माझं पहिलं नातवंड ते. भटारखान्यात माझ्या पायाशी बसून बटाटे सोलायचा आणि सालींच्या ओळी मांडून गणितं घालायचा. शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाला तेव्हा गल्लीत फटाके वाजले. मग कळलं की घर बघायला बाई येणार आहे.

आता आमच्याकडे पाहुणा येणार म्हटल्यावर काय होतं ते लिमातल्या कुठल्याही टेकडीवर विचारा. घरात चहाला साखर नसली तरी पाहुण्याच्या कपात दोन चमचे पडतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ह्यावर आमचा जन्म गेला. मी त्या दिवशी भटारखान्यात होते. बाई सकाळीच येऊन पोचली. माझी शेजारीण एर्मेलिंदा, भिंतीला भिंत लागून राहणारी, विल्मेरला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारी, म्हणून माझी कोमाद्रे, तिने आदल्या संध्याकाळपासून कंबर कसली होती. "सरकारातून माणूस येणार आणि ह्या पोराचं घर असं उघडंबोडकं दिसणार? आपली काही अब्रू आहे की नाही?" असं म्हणत तिने गल्ली हलवली. कोणाचे पडदे आले, कोणाचा टीव्ही आला, कोणाची गॅसची शेगडी आली. आणि एर्मेलिंदाने स्वतःचा फ्रीज दिला. त्या फ्रीजवर तिचं पोट होतं. प्लास्टिकच्या नळ्यांत फळांचा रस भरून त्याचा बर्फ करायचा आणि शाळेच्या दाराशी विकायचा, हा तिचा धंदा. सगळा बर्फ पोरांना फुकट वाटून टाकला आणि चार जणांकडून फ्रीज उचलून माझ्या घरात ठेवला.

बाईने विचारलं, "हा फ्रीज तुमचा का?"

एर्मेलिंदा म्हणाली, "मग कोणाचा असणार! ह्या घरात काही कमी नाही, बाईसाहेब. पोराला कधी काही कमी पडू दिलं नाही."

विल्मेर तिथेच उभा होता. त्याला सगळं कळत होतं. पण त्याने तोंड उघडलं असतं तर एर्मेलिंदा परक्या बाईसमोर खोटी पडली असती. तो गप्प राहिला. रात्री मी डोक्याला हात लावून बसले तेव्हा मला म्हणाला, "आजी, तिचा चेहरा किती खुलला होता, तू बघायला हवं होतंस. माझ्याच्याने बोलवलं नाही."

महिन्याभराने निरोप आला. घर गरीब नाही, शिष्यवृत्ती नाही. अर्ज केला, फेरतपासणी मागितली. उत्तर आलं की पुढच्या वर्षी बघू. बँकेत गेलो, तर शिक्षणाच्या कर्जाला जामीन हवा आणि जामिनाच्या घराचा पक्का कागद हवा. आमच्या अख्ख्या टेकडीवर पक्का कागद कोणाकडे आहे? मग गल्लीने पोयादा केली. मसाल्यात मुरवलेली कोंबडी तळायची, ताटांची तिकिटं आधी विकायची आणि जमेल ते ज्याची नड त्याच्या हातात ठेवायचं. सगळ्यांत जास्त तिकिटं एर्मेलिंदाने विकली, हेही मी लिहिते, कारण खरं ते खरं. त्या पैशावर विल्मेरचं नाव कॉलेजात दाखल झालं आणि तो पहिलं सत्र शिकला. दुसऱ्यासाठी परत पोयादा मागायची त्याला लाज वाटली. सुट्टीत एका मित्राबरोबर जंगलात सोन्याच्या खाणीवर गेला. "एकच हंगाम, आजी. आलोच." नदीकाठची दरड त्याच्या अंगावर आली. माझ्याकडे आला तो पेटीत बंद होऊन, आणि पेटी उघडू नका म्हणाले.

कलम तिसरे. घर, म्हणजे विटांच्या चार भिंती, मातीची जमीन, वरचे पत्रे आणि वीजपाण्याच्या जोडण्या, हे मी माझी मुलगी, विल्मेर आणि नेलिदाची आई, रुफिना हिला देते. ती चिलीत, सांतियागोला लोकांच्या घरी कामाला आहे आणि तिकडेच तिचा दुसरा संसार आहे. रुफिना, तुला घर देते म्हणून फुगू नकोस. तुला ते मिळतं आहे कारण तू लांब आहेस. नेलिदा शिकते आहे तोवर तिने त्यात राहावं, तू ते विकू नये की भाड्याने देऊ नये. तुझ्यावर माझा राग होता. आता तो पेलायची ताकद अंगात नाही, म्हणून सोडला. दफनाला यायला जमलं नाही तरी चालेल, पण पोरीला दर रविवारी फोन करत जा.

कलम चौथे. माझ्या सामानाची वाटणी मी जिवंतपणीच सुरू केली आहे. टीव्ही सेनोबियाकडे गेला. ती भटारखान्याची प्रमुख असून आजपर्यंत तिने माझ्या सूपला एकदाही बरं म्हटलेलं नाही. तिने टीव्ही बघावा आणि माझी आठवण काढून जरा लाजावं. शिवणयंत्र तिच्या सुनेला. मोठं पातेलं आणि लाकडी डाव भटारखान्याला. घरात एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या आणि सरपणाची चूल राहील. ह्यात लबाडी नाही. जे दिलं ते कायमचं दिलं, माणूस येऊन गेल्यावर परत आणायचं नाही. आम्ही गरीब आहोत. एकदा तरी ते आहे तसं दिसू दे.

कलम पाचवे, सगळ्यांत महत्त्वाचे. खांबांवर ज्या लोखंडी सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, त्या मी तीस वर्षं बघते आहे. पक्क्या स्लॅबखाली एक रात्र झोपायचं, एवढी एकच हौस मला होती. वाळू, खडी आणि सिमेंट मी भटारखान्याच्या पगारातून साठवलं आहे. मी गल्लीला ओळखते. मला पुरून परत येताना पायऱ्यांवरच कोणीतरी म्हणेल, "बिचारीला स्लॅब बघायला मिळाला नाही. चला, येत्या रविवारी आपण सगळे मिळून टाकूया, तिच्या आत्म्याला शांती मिळेल." बादल्या घेऊन सगळे हजर होतील, बायका स्वयंपाकाला लागतील, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या नातीच्या डोक्यावर पक्कं छप्पर येऊन तिची शिष्यवृत्ती गेलेली असेल. तुमच्या पाया पडते, स्लॅब टाकू नका. माझ्या आत्म्याचं मी बघून घेईन. सिमेंट आजच भटारखान्याच्या ओट्यासाठी देऊन टाकते, म्हणजे कोणाला मोह नको. दफनानंतर पडदे आणू नका, खुर्च्या ठेवून जाऊ नका. पत्रे गळतात, ते गळू द्या.

नेलिदा पदवी घेऊन येईल त्या दिवशी हवा तर स्लॅब टाका. काँक्रीटची पहिली बादली कोणी ओतायची ते खाली लिहिते.

कलम सहावे. एर्मेलिंदाचा फ्रीज. ती बाई येऊन गेली तेव्हापासून तो माझ्या घरातच उभा आहे. आधी तिला मागायची लाज वाटली, मग विल्मेर गेला. तिने मागितला नाही आणि मी दिला नाही. त्याची वायर मी एकदाही लावली नाही. आत विल्मेरचे शर्ट आणि शाळेची वह्यापुस्तकं आहेत, कारण लिमाच्या दमट हवेत बाकी कुठे ठेवलं तरी बुरशी धरते. ती फ्रीजशिवाय राहिली. बर्फाचा धंदा बंद झाला, उकडलेली कणसं विकायला लागली. सहा वर्षं आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो आणि एक शब्द बोललो नाही. तिचं खोकणं मला ऐकू यायचं, माझं रडणं तिला ऐकू जात असणार. तिला माफ केलं असं मी इथे लिहीत नाही. कारकून म्हणतो की मृत्युपत्रात खोटं लिहू नये. पण एवढं मात्र लिहिते, की त्या सकाळी मी घरी असते आणि त्या बाईने मला विचारलं असतं, तर बहुतेक मीही मान ताठ करून तेच म्हटलं असतं.

परवा मी तिच्या दारावर थाप मारली.

ती दार उघडून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "किती वाळलीस गं."

मी म्हटलं, "कोमाद्रे, मला साक्षीदार हवा आहे. मृत्युपत्राला."

"माझी सही? मीच का? गल्लीत माणसं मेली का?"

"साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. आणि मला तुला काहीच द्यायचं नाही. फ्रीज तुझाच आहे, तो घेऊन जा. शर्ट बाहेर काढून दे फक्त."

ती खाली उंबऱ्यावर बसली आणि एप्रनमध्ये तोंड घालून रडली. मीही बसले. मग तिला नेलिदाचं सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी गेल्यावर रात्री तिच्या सोबतीला झोपायला येशील?" ती म्हणाली, "येईन. पलंग तर एकच आहे तुझ्याकडे, मी माझी गादी..." आणि मध्येच थांबली. हात तोंडावर ठेवला.

म्हणून ठरवते की माझ्यामागे नेलिदाची पालक एर्मेलिंदा राहील. आणि पदवीच्या दिवशी स्लॅबची पहिली बादली तीच ओतेल.

कलम सातवे आणि शेवटचे. नेलिदा, माझ्या सोन्या, ह्या कागदात तुझं नाव इतक्या वेळा आलं आणि तुझ्या नावावर काहीच आलं नाही. रागवू नकोस. माझ्या हातात देण्यासारखं जे होतं ते सगळं तुझ्या वाटेतून उचलून बाजूला ठेवलं आहे. त्या माणसाने विचारलं, "घरात काय आहे?" तर वर बघ, पत्र्यातून उजेड येतो तो दाखव, आणि मान खाली न घालता सांग, "काही नाही." तुझ्या भावाला ते सांगता आलं नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, रडले, आणि एकही शब्द बदलला नाही. नुएवा आलबोरादा, लिमा, २७ ऑगस्ट २०१८.

सही: लेओकादिया यारांगा

साक्षीदार १: सेनोबिया पारेदेस. सूप चांगलं असायचं. तोंडावर म्हटलं नाही.

साक्षीदार २: एर्मेलिंदा ओस्को. मला वाचून दाखवलं, मला समजलं. रोज रात्री येईन. काहीही आणणार नाही.