दोन गाण्यांच्या मधे

९ एप्रिल २०१३

हे गाणी वाजवणारी डबी घेऊन आले! काडेपेटीपेक्षा जरा मोठी, चकचकीत निळी. दूध संघाने वार्षिक सभेत प्रत्येक संचालकाला भेट दिली म्हणे. सभासदांना काय दिलं? पाण्याचं पाऊच आणि भाषण. दुष्काळानं संघाचं दूध निम्म्यावर आलंय, लोकांनी गाई चारा छावणीत नेऊन बांधल्यात, आणि संचालक मंडळाला गाण्यांची सोय हवी!

अंगणात गाडीच्या बॉनेटवर डबी ठेवून उभे राहिले होते. घरात पाळणा हलल्यासारखा चेहरा. "हजार गाणी बसत्यात यात. हजार!"

आपल्या हौदात किती घागरी पाणी बसतं, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

१० एप्रिल

डबीतलं गाणं कानात वायर घालून ऐकायचं असतं. यांना ते नको. संचालकाचं गाणं गाडीत वाजलं पाहिजे, काचा खाली करून, गावाला कळेल असं. पण गाडी जुनी, तिच्यातला टेप कॅसेटचा. डबी खुपसायची कुठं?

दुपारभर गाडीत ओणवे. पाय बाहेर, डोकं आत. छबुबाई ओसरीत भांडी राखेनं पुसत होती – धुवायला पाणी कुठलं! म्हणाली, "मालक कवाधरनं काय शोधायलेत, वैनी?"

मी म्हटलं, "अक्कल."

पदर तोंडात कोंबून हसली बिचारी.

१२ एप्रिल

तलवाड्याहून बायनाबाईचा फोन, आईच्या शेजारणीचा. टँकरवरच्या रेटारेटीत आई पडली. मनगट सुजलंय. टँकर चार-चार दिवस येत नाही, आला की असा दंगा. तिला पाणी भरून द्यायला घरात दुसरं कोण आहे? मी एकटीच लेक, आणि मी इथं पाटोद्याच्या पलीकडं.

संध्याकाळी यांना विचारलं. हे गाडीत, मी गाडीच्या दाराशी. "अहो, आईला इकडं आणू या का? गाडी काढली तर एका दिवसात जाऊन येऊ."

उत्तर नाही. मानसुद्धा वर नाही. वायरचं टोक दातात धरून टेपच्या खाचेत बॅटरी मारत होते. मी उभी राहिले, राहिले, मग आत आले. भाकरी करपली. करपलेलीच वाढली.

१५ एप्रिल

बीडला जाऊन नवीन चीज आणली. हुबेहूब कॅसेट, पण तिला शेपटी! कॅसेट टेपमधे सारायची, शेपटीचं टोक डबीत घालायचं, की डबीतलं गाणं गाडीत. एका शेपटीसाठी बीडपर्यंत गेले. अजून तासभर पुढं गेले असते तर माझी आई होती.

लावलं. टेपचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. खरखर मला चुलीपाशी ऐकू येत होती. आणि हे ओरडतायत, "गाणंच न्हाई! नुसता वारा येतोय."

जेवताना परत विचारलं आईचं. आमटीचा भुरका मारला. म्हणाले, "मीठ कमी हाय."

१७ एप्रिल

आईशी बोलले. म्हणे, "हात बरा हाय माझा. तू कावून जीव टाकतीस?" घागर कुठल्या हातानं उचलतेस, विचारलं, तर फोन ठेवून दिला.

१९ एप्रिल

पाटोद्याला बाजारासाठी यांच्याबरोबर गेले. गाडी मैनुद्दीनच्या दुकानापुढं लावली. तो गाड्यांच्या वायरिंगचं बघतो. हे समोरच्या पतसंस्थेत चहाला गेले, मी मागच्या सीटवर घाम पुसत.

मैनुद्दीनने कॅसेटची शेपटी स्वतःच्या मोबाईलला लावली, आणि काय आवाज! पलीकडचा टरबूजवाला चाकू हातात धरून वळून बघायला लागला. मैनुद्दीन म्हणाला, "भाभी, यात काय बी खराबी न्हाई. साहेबाला ऐकू येतंय न्हवं?" आणि हसला. मीही हसले.

यांची बैठक होती. मी भाजी घेऊन एस.टी.ने परत आले. दिवेलागणीला हे आले ते तणतणतच. "मैन्यानं फसवलं! डबी लावली की आवाज गुल."

गुल कसा? मी माझ्या कानांनी ऐकलंय!

२० एप्रिल

मैनुद्दीनचं ते हसणं डोक्यातून जाईना. साहेबाला ऐकू येतंय न्हवं?

मामंजींनाही साठीच्या आधीच ऐकू येईनासं झालं होतं. त्यांना प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागायची. हे अलीकडं टीव्ही केवढ्यानं लावतात! परवा मळ्याकडून हाक मारली तर वळले नाहीत. आणि आईचं विचारलं तेव्हा – अरे देवा, यांना ऐकूच आलं नसेल! मी इथं पानंच्या पानं यांच्या नावानं बोटं मोडतेय आणि हा माणूस कुणाला न सांगता बहिरा होत चाललाय. संचालकाला ऐकू येत नाही हे बाहेर कळलं तर पुढच्या निवडणुकीत कोण विचारील? म्हणून लपवत असतील. म्हणून डबीच्या मागं लागले असतील. एकदा तरी नीट ऐकू यावं म्हणून.

चहा देताना कानामागचे पांढरे केस दिसले. कधी झाले पांढरे? हात लावावासा वाटला. लावला. दचकून म्हणाले, "काय गं?" म्हटलं, काही नाही.

उद्या समोर बसून विचारीन. मोठ्यानं. माझे ओठ दिसतील असं.

२१ एप्रिल

विचारायच्या आधीच मुक्ताचा फोन आला, औरंगाबादच्या हॉस्टेलवरून. बापाने लेकीपुढं डबीचं रडगाणं गायलं. ती हसत सुटली. इतक्या मोठ्यानं, की मला शेजारी बसून सगळं ऐकू आलं. "बाबा, अहो त्या प्लेअरला पण आवाजाचं बटण असतं! ते वाढवलंत का?"

नव्हतं वाढवलं! बारा दिवस, बीडची फेरी, मैनुद्दीनला शिव्या, आणि डबीचं बटण तळाशी.

गाडीत जाऊन दाबलं. टेप तर शेवटपर्यंत पिळलेलाच होता. पाखरं उडाली लिंबावरची. हे दोन्ही हात कानांवर दाबून ओरडतायत, "बंद कर, बंद कर! कान फुटत्यात!"

कान चांगले आहेत. मला आनंद व्हायला हवा होता.

२२ एप्रिल

एकाच कानाने ऐकू येत नसेल. एखाद्या वेळीच येत नसेल. पीठ मळता मळता मी यांच्यासाठी आजार शोधतेय.

२४ एप्रिल

गेवराईला संघाचा महिला मेळावा. संचालकांच्या बायकांनी पुढच्या रांगेत बसून 'पाणी जपून वापरा' ऐकायचं. माझी आई वाटीनं पाणी मोजते, तिला कुणी बोलावलं नाही.

पुढं हे आणि अर्जुनराव, दुसरे संचालक. मागं मी. काचा खाली, लावणी दणक्यात. गाणं वाजतंय म्हणून मान अशी ताठ, जणू यांनीच लिहिलं, यांनीच गायलं.

गेवराई जवळ आली. अर्जुनराव गाण्याच्या वर आवाज चढवून म्हणाले, "सुंदरराव, वैनींचं म्हायेर इकडंच न्हवं?"

हे तसंच ओरडून म्हणाले, "तलवाडा. म्हातारीला घरी आणा म्हणून मागं लागलीय –"

आणि गाणं संपलं. दुसरं लागायच्या आधी डबी क्षणभर गप्प बसते, ते यांना अजून माहीत नाही. पुढचं सगळं त्या शांततेत पडलं.

"– आपण ऐकलंच न्हाई असं करायचं. दोन-चारदा बोलून बाया आपोआप गप होत्यात बे."

मग ढोलकी सुरू झाली. अर्जुनरावांनी आरशात माझ्याकडं बघितलं आणि पटकन बाहेर बघायला लागले. हे बघायलाही वळले नाहीत. आवाज वाढवला. स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला.

मेळाव्यात यांनी हार घालून घेतला, फोटो काढून घेतला. मला राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा लागतो.

२५ एप्रिल, तलवाडा

सकाळच्या एस.टी.ने आले. आईच्या हातातली घागर काढून घेतली, तशी पहिला प्रश्न – "जावईबापूला सांगून आलीस न्हवं?"

सांगितलं, म्हटलं. ते गाडीत गाणी लावून बसले होते. दारातून, माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, की मी आईकडं जाते, परत येणार नाही. मान वर झाली नाही.

पण ऐकलंय त्यांनी.