सूर्य मंद करायचा राहिला

ती. आईला, लांबूनच पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीतला हीटर दुरुस्त झाला. दोन्ही वेळ नीट जेवते, वजनसुद्धा वाढलंय.

कामात मात्र एक घोळ घातला. पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचं हवामान आम्ही संगणकावर चालवून बघतोय. तेव्हा दक्षिण ध्रुवाकडे जाड बर्फ होता, हे खडकांवरून कळतं. माझ्या पृथ्वीवर तीन आठवड्यांत तीन हजार वर्षं सरली, तरी बर्फाचा पत्ता नाही! शेवटी चूक सापडली. तेव्हाचा सूर्य आजच्यापेक्षा मंद होता आणि मी आजचाच तळपता ठेवला होता. आता सगळं पहिल्यापासून. सर हसून म्हणाले, "लक्ष कुठे होतं तुझं?"

तो सूर्य मी ज्या दिवशी ठेवला, त्याच दिवशी दादाने फोनवर सांगितलं होतं, की बाबांना जिना चढताना धाप लागते.

बाबांचा रिपोर्ट मंगळवारी येणार होता ना? आज शनिवार. फोनवर विचारलं की तू "सगळं छान आहे" म्हणतेस आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवतेस. रोज कशी गं करपते भाजी? म्हणून पत्रच लिहितेय.

जे असेल ते जसंच्या तसं कळव. आहे त्यापेक्षा जास्त ऊन दाखवलं की बर्फ दिसतच नाही, हे मी तीन आठवडे घालवून शिकलेय.

आणि वजन वाढलेलं नाही, चार किलो उतरलंय. घे, मी खरं सांगितलं. आता तू सांग.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
धाकटी