धवलारणीचा गळा

काल्हेर, मंगळवार

प्रिय यामिनीताई,

तुझा फोन तीनदा कट केला, रागावू नकोस. तोंडाने सांगायला गेले तर रडून मोकळी होईन आणि सांगायचं राहूनच जाईल, म्हणून लिहितेय.

आई बरी आहे म्हणायचं. मानेच्या ऑपरेशनात बसवलेली चकती जागेवर आहे, हाताच्या मुंग्या गेल्या, भाकऱ्या थापते. पण आवाज नाही गं! आठ महिने नुसता वारा येतोय. पाणी पितानाही ठसका लागतो. काल घशाचे डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावलीय, आता फार आशा धरू नका. घरी आलो तर लडकूकाका नातवाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन बसलेले. लग्नात धवले गायला दुसरी धवलारीण सांगितली, म्हणाले. चाळीस वर्षं आपल्या गावातलं एक लग्न आईच्या धवल्यांशिवाय लागलं नाही. तिने मान हलवली आणि दिवसभर जेवली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनआधी तिच्या हातातून चहाचा कप पडायचा, आठवतंय? हात कायमचा लुळा पडेल अशी भीती होती, तरी ती अडून बसलेली. एकच विचारायची, माजे गल्याला काय व्हनार न्हाय ना? मी म्हटलं, छे, चार दिवस घसा बसेल. मग लगेच तयार झाली.

येत्या सोमवारी तू ऑपरेशनच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार देणार. धोके कुणी सांगितलेच नाहीत, असं लिहून त्यावर आईचा अंगठाही घेतलास. तो अर्ज फाडून टाक, ताई. त्यांनी सांगितलं होतं. मला समोर बसवून, मराठीत, दोनदा. जंतुसंसर्ग होऊ शकतो, चकती सरकू शकते, पुन्हा उघडावं लागेल, आणि गळ्याकडून जायचं म्हणून आवाज कायमचा जाऊ शकतो. आई गातात ना, त्यांना नीट सांगा, असंही म्हणाले. मी हो म्हटलं, आणि न सांगताच फॉर्मवर तिचा अंगठा घेतला. खरं कळलं असतं तर तिने हात घालवला असता, पण गळ्याला सुरी लावू दिली नसती. तू रविवारी ये. तिला मी सांगणार आहे, पण एकटीच्याने होणार नाही. ऐकल्यावर तिला मला शिवीसुद्धा देता येणार नाही गं.

तुझीच, अजून म्हणवून घेतलंस तर,
मृणाली