वाचनालयाचा नंबर

मयूर विहार, ३ जानेवारी २०२६

ती. आजोबा,
सविनय जयभीम. वि. वि.,

मेसेज नको, मराठीत पत्र हवं म्हणालात, तर घ्या! मला बिल्कुल चैन नाहीये. मी मेट्रोने ज्या जिल्हा कार्यालयात जाते ना, तिथे मला खरं काम मिळालंय, यार. (सॉरी, आजोबा.) पुढच्या वीस वर्षांत जिल्ह्यात सरकारने काय काय बांधायचं, त्याचा क्रम मी लावतेय. पहिल्या नंबरचं लगेच होतं, बाकीचं कित्येक वर्षांनी. रविवारी लोकांना बोलावून मत घेतलं. सार्वजनिक वाचनालय पहिलं! प्रसूतिगृह चौथं. सिद्धांतदादा तर नाचलाच. परीक्षेसाठी तो भाड्याच्या कोंदट केबिनमध्ये बसतो आणि त्याचे दोनच अटेम्प्ट उरलेत. वाचनालयाला द्यायची तुमची पुस्तकं आता पॅक करा. महिनाअखेरीस क्रम मंजुरीसाठी वर जातो, मग बदलत नाही.

अशीच माया राहू दे.
लुंबिनी

नागपूर, ९ जानेवारी

चि. लुंबिनी,
जयभीम आणि खूप सदिच्छा.

तुझी मराठी वाचली. जगेल. पुस्तकं पेट्यांत भरली. तुझी आजी म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच भिंतीचा रंग दिसला. एक विचारतो, रागवू नकोस. रविवारची सभा भरवली कुठे? आणि बायका किती होत्या?

लोभ आहेच, तो मागायला नको.
यशवंत

मयूर विहार, १६ जानेवारी

ती. आजोबा,
सविनय जयभीम. वि. वि.,

तुम्ही फार वाईट आहात. सभा भरवली दादा बसतो त्याच अभ्यासिकेत. हॉल फुकट होता ना! म्हणजे आलं कोण? सगळे दादाचे दोस्त. बायका चार, त्यात एक मी.

ऑफिसात बसवेना. शेवटी नदीकाठच्या वस्तीत गेले आणि टँकरच्या लाइनीत उभी राहिले. राधा म्हणून एक आहे, आठवा महिना. सभेला का नाही आलात विचारलं, तर ती हसलीच. म्हणाली, पहिलं बाळ ऑटोतच झालं. आणि सभेला आले असते तर पाणी कोणी भरलं असतं, तुम्ही?

मग टँकरपाशी आणि शाळेच्या गेटवर पुन्हा मत घेतलं. प्रसूतिगृह पहिलं, वाचनालय तिसरं. साहेबांनी मान्य केलं. दादाला मीच सांगितलं. तो अच्छा म्हणाला आणि हेडफोन लावले. अजून काढले नाहीत. जेवतानाही नाही. आजोबा, बरोबर केलं ना मी? तुमच्या पेट्यांचं काय?

रागवा, पण आपली म्हणा.
लुंबिनी

नागपूर, २२ जानेवारी

चि. लुंबिनी,
जयभीम.

बरोबर केलंस. वाईट मलाही वाटलं. आजी आता पेट्यांवर गाद्या रचतेय. सिद्धांतचा फोन आला होता. वाचनालय नाही तर नाही, इतिहासाची पेटी तरी मला द्या म्हणाला. म्हणजे हेडफोन काढलेत. ती पाठवतोय. बाकीच्या राहू देतो. तिसरा नंबर येईपर्यंत मी जगायचं ठरवलंय.

राधाचं कळव. मुलगा की मुलगी ते नंतर. आधी बाळ कुठे झालं, ते कळव.

तुझाच,
यशवंत