शेवटी चालणारा

प्रिय धाकट्या,

आपल्या स्काउट पथकाचा नियम मीच घालून दिला होता. पथकप्रमुखाने पुढे चालायचं, साहाय्यकाने सगळ्यांच्या शेवटी, आणि प्रत्येक थांब्यावर मुलांची मोजणी करायची. त्या दिवशी टेकडीच्या माथ्यावर मला भाषणाची हुक्की आली आणि फोटो काढायला मी तुला शेवटून पुढे बोलावलं.

"दादा, आधी मोजणी करू," तू म्हणालास.

"मोजायला ही काय मेंढरं आहेत?" मी म्हणालो. मुलं हसली. भाषणाचा विषय होता, मागे राहिलेल्यांची जबाबदारी! तेव्हा एक मुलगी पाय मुरगळून खाली ओढ्याकाठी बसली होती. दोन तासांनी सापडली, तोवर हाका मारून तिचा आवाज बसला होता.

नंतरच्या बैठकीत पालकांनी विचारलं, "शेवटी कोण होतं?"

तू उठलास. "मी. चूक माझी." गळ्यातला स्कार्फ काढून टेबलावर ठेवलास. अन्यायाविरुद्ध सभा गाजवणारा मी मूग गिळून बसलो. तुझी वहिनी अजून टोचते, "माईक दिसला की तुमची जीभ थांबत नाही. त्या दिवशी बरी दातखीळ बसली!"

येत्या रविवारी मला विभागप्रमुख करणार आहेत. हे पत्र मिळालं तर तू धावत येशील आणि पुन्हा मलाच सांभाळून घेशील. म्हणून पाठवत नाही. रविवारी त्याच पालकांसमोर हे वाचेन आणि खाली बसेन. भाषण करणार नाही.

तुझ्या मागे, रांगेत शेवटी,
दादा