ओतूर ते पुणे, बत्तीस जीबी

३ फेब्रुवारी, सोमवार
गाडी आली. सेकंडहँड. जुन्नरचे दस्तगीरभाई कापडवाले, जुने दोस्त, म्हणून त्यांची घेतली. सीटच्या फटीत सुपारी, बडीशेप आणि एक अर्धं चॉकलेट. स्टीरिओच्या बटणावर चिकट थर, अत्तराचा की शिऱ्याचा कळेना. शी. स्पिरिटने पुसलं.

स्टीरिओत त्यांचाच पेन ड्राइव्ह राहिला होता. लावून पाहिला. एक कव्वाली. मग लहान मुलांचं एबीसीडी. मग तीच कव्वाली, अर्ध्यातून. मग कुणाच्या तरी लग्नातलं रेकॉर्डिंग, त्यात एक बाई ओरडतेय की बिर्याणीत मीठ कमी आहे. मग परत एबीसीडी. माणसं हे ऐकत गाडी चालवतात! फोन केला तर दस्तगीरभाई हसले. म्हणाले, राव, लागंल ते ऐकायचं, गाण्याचं काय एवढं. याच वृत्तीचा मला तिटकारा आहे.

संकल्प. एक मार्चला लेकीला, श्रेयाला, पुणे विमानतळावर सोडायचं. बंगळुरूला नोकरी लागली आहे, पहिलीच. ओतूर ते विमानतळ तीन तास, बापलेक पुढे, ही मागे. ही नारायणगावच्या आत झोपते. त्या तीन तासांसाठी संगीताची शास्त्रशुद्ध रचना करणार. कॉलेजच्या ऑफिसात जन्म फायली लावण्यात गेला. गाणी म्हणजे तरी काय, फायलीच.

श्रेयाशी बोलायचं असं खास काही नाही. आम्ही दोघंही कमी बोलणारे. तिच्या नोकरीचं मला गोकुळकडून कळलं. गोकुळ म्हणजे हिचा भाऊ, बोरी बुद्रुकचा. असो. गाणी असली की बरं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नवीन पेन ड्राइव्ह घेतला, बत्तीस जीबीचा. ऑफिसात सगळ्यांकडून गाणी गोळा केली.

किळस आली. फायलींची नावं बघा: ट्रॅक झिरो वन. न्यू न्यू फायनल. मराठी हिट्स कॉपी कॉपी. एका भूपाळीच्या आधी एक पोरगी कुठल्याशा वेबसाइटचं नाव ओरडते. देवाचं नाव नंतर. एका भावगीताला चित्र कुणाचं, तर शर्ट न घातलेल्या पैलवानाचं. लोक हे वर्षानुवर्षं मोबाइलमध्ये ठेवतात आणि त्याच मोबाइलवर जेवणाचे फोटो काढतात.

सर्व साफ करणार. फोल्डर ठरवले. आळेफाट्यापर्यंत भक्ती. नारायणगाव ते कळंब भावगीतं. मंचरला चहा, म्हणून तिथे फक्त वाद्यसंगीत. खेडच्या घाटात दर्दभरी. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये नाट्यगीतं, कारण ती लांब असतात. शेवटी विमानतळाजवळ एकच गाणं, लेकीला निरोपाचं. ते लागेल तेव्हा मी काही बोलणार नाही. नुसता आवाज थोडा वाढवीन.

हिला योजना सांगितली. ही म्हणाली, तिला गाडी लागते, खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं.

९ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर नावं दिली, शुद्ध मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ तपासून. पाठ मोडली.

श्रेया विचारायला आली की बॅग घ्यायला नारायणगावला येता का. म्हटलं, बघतेस ना काम चाललंय. ती थोडी उभी राहिली. मग म्हणाली, मामाला सांगते. गोकुळ लगेच हजर. त्याला उद्योग नाही. द्राक्षं तोडणीला आली आहेत आणि हा भाचीची बॅग बघत फिरतो. बॅग आणली ती जांभळी. जांभळी! मी गेलो असतो तर काळी घेतली असती.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पहिली चाचणी. स्टीरिओवर अक्षरं आली, नो फाइल. परत लावला. नो फाइल. फुंकर मारली. नो फाइल.

दस्तगीरभाईंना फोन. त्यांचा पुतण्या अरफात जुन्नरला गाड्यांचं सामान विकतो, त्याला जोडून दिलं. त्याने विचारलं, चाचा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला व्हता का तुमी? केला होता, अर्थात. एका व्हिडिओत बघून, सर्वांत आधुनिक पद्धतीने. तो म्हणाला, हा स्टीरिओ जुना, जुन्याच पद्धतीचा फॉरमॅट लागतो, परत मारा.

परत मारला. सर्व गाणी गेली. लॅपटॉपवर पाहिलं तर तिथेही नाहीत. मी कॉपी न करता कट केली होती, लॅपटॉप स्वच्छ राहावा म्हणून. अरफातने सांगायला हवं होतं की फॉरमॅट म्हणजे पुसणं. धंदा करतात आणि गिऱ्हाइकाला अर्धवट सांगतात. संताप.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा गोळा केली. पुन्हा तीच पोरगी, तोच पैलवान. पुन्हा शुद्ध मराठीत नावं. गाडीत लावलं. लागलं! आवाज आला! पण स्क्रीनवर नावांच्या जागी चौकोन. नुसते चौकोन, एकामागे एक. या यंत्राला मराठी येत नाही. महाराष्ट्रात, शिवनेरीच्या पायथ्याला, गाडीचा स्टीरिओ मराठीला चौकोन म्हणतो. थू.

आता सर्व नावं इंग्रजीत. श्रेया म्हणाली, पप्पा, नावं कोण वाचतं गाडी चालवताना? मुद्दा शिस्तीचा आहे. तिला कळणार नाही. ती म्हणाली, मी मदत करू? नको म्हटलं. स्पेलिंग बिघडवेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शिवजयंतीची सुट्टी. ही सकाळीच म्हणाली, श्रेया विचारत होती, गडावर जायचं का, लहानपणी न्यायचात तसं. आज गर्दी किती! धूळ, झेंडे, पुंग्या, पिचकाऱ्या. शिवाय स्पेलिंग चालू. म्हटलं, पुढच्या वर्षी. ही म्हणाली, पुढच्या वर्षी ती कुठं असंल? बायका प्रत्येक गोष्ट रडण्यावर नेतात.

श्रेया मैत्रिणीबरोबर गेली. येताना माझ्यासाठी उसाचा रस आणला होता, पिशवीत. गरम झालेला. तरी प्यालो. गोड होता, तेवढं खरं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
भयंकर प्रकार. स्टीरिओ फोल्डर मानत नाही. जे गाणं आधी कॉपी झालं ते आधी वाजवतो. आळेफाट्याच्या भक्तीत घाटातली दर्दभरी घुसली. एक अभंग, एक प्रेमभंग, एक अभंग. लगेच बंद केला.

त्यावर आणखी एक. गाडी बंद केली की हा स्टीरिओ सगळं विसरतो. किल्ली फिरवली की पुन्हा पहिल्या गाण्यापासून. म्हणजे मंचरला चहाला उतरलो की परत देवपूजा.

उपाय मी एकट्याने शोधला. एकेक गाणं, क्रमाने, हाताने कॉपी करायचं. आणि मंचरचा चहा रद्द. हिला सांगितलं की थर्मास घे.

दुपारभर गाडी अंगणात उभी करून तपासलं. संध्याकाळी किल्ली फिरवली तर टकटक. बॅटरी बसली. गोकुळला बोलावावं लागलं. तो पिकअप घेऊन आला, वायरी जोडल्या. तोंडात गुटखा, माझ्या जास्वंदीच्या बुडाशी थुंकला. म्हणाला, दाजी, उभ्या गाडीत कुटं निघाला व्हता? श्रेया हसली. खूप दिवसांनी अशी हसली. गोकुळच्या विनोदाला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
श्रेयाला चाचणीसाठी गाडीत बसवलं. डिंगोऱ्यापर्यंत चक्कर. क्रम बरोबर लागत होता. मी प्रत्येक गाण्याला सांगत होतो की हे इथे का. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, पप्पा, एक सांगू? मी म्हटलं, थांब, हे कडवं महत्त्वाचं आहे. कडवं झालं. मग विचारलं काय ते. ती म्हणाली, काही नाही.

बाहेर बघत होती. संगीताचा परिणाम. रचना योग्य दिशेने आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सर्व तयार. बॅग भरली. ही दोन दिवस लाडू करतेय, जणू बंगळुरूला बेसन मिळत नाही. मी रात्री लवकर झोपणार. उद्या सातला निघणार म्हणजे निघणार. दुपारचं विमान आहे, तरी मी वेळेचा पक्का.

एवढ्या वर्षांत एक काम मनासारखं झालं.

१ मार्च, शनिवार. सकाळी ६.१०
शेवटची तपासणी म्हणून लॅपटॉपला लावला. निरोपाच्या गाण्याचं स्पेलिंग चुकलंय. एक ‘एच’ जास्त. स्क्रीनवर ते नेमकं विमानतळाजवळ दिसणार. दुरुस्त करतोय. एका मिनिटाचं काम.

६.४०
दुरुस्त करताना ते गाणं नवीन फाइल होऊन मध्येच कुठेतरी घुसलं आणि क्रम हलला. सर्व पुसून पुन्हा टाकतोय. लॅपटॉप म्हणतो बारा मिनिटं.

७.०५
लॅपटॉप म्हणतो पंचेचाळीस मिनिटं. हे कसलं गणित? शाळेत असता तर नापास केला असता. गोकुळ निरोप द्यायला आलाय. अंगणात मोठ्याने बोलतोय.

७.३०
श्रेया आत आली. म्हणाली, पप्पा, गाणी राहू द्या ना, चला. म्हटलं, दहा मिनिटं. ती म्हणाली, तुम्ही असंच म्हणता. मग दारात थांबली. मी वर बघणार तेवढ्यात स्क्रीनवरची कॉपीची पट्टी सरकली, नजर काढता येईना.

८.००
गोकुळ आत आला, चपला घालून. म्हणाला, दाजी, चाकणला लई ट्रॅफिक लागतंय, पोरीचं विमान चुकंल, मी घेऊन निघतो, तुमी मागनं या. म्हटलं, निघा, कळंबला गाठतो. हीसुद्धा त्याच्याच गाडीत बसली. थर्मास नेला.

श्रेया जाताना पाया पडली. मी एका हाताने आशीर्वाद दिला. दुसऱ्या हाताने पेन ड्राइव्ह धरला होता, हलला असता तर सगळं गेलं असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
झालं ते लिहितो. कॉपी पूर्ण झाली. निघालो. नारायणगावच्या पुढे स्टीरिओ अडकला. रीडिंग, रीडिंग, एवढंच. कळंबला श्रेया माझ्या गाडीत बसेल तेव्हा तो वाजायला हवा, म्हणून कळंबच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. काढला, लावला, काढला, लावला. फोन आला ते कळलं नाही. ती मंडळी कळंबला चहाच्या टपरीवर माझी वाट बघत उभी होती. बरीच थांबली म्हणे. टपरी मी होतो तिथून दिसत होती, एवढं काही लांब नव्हतं. मग निघून गेली.

स्टीरिओ लागला तेव्हा भक्तीचं पहिलं गाणं सुरू झालं. मी गाडी दामटली. मंचर गेलं, घाट गेला. चाकणला अडकलो. मागे ट्रक, पुढे ट्रक, मध्ये मी आणि भावगीत. तिथे श्रेयाचा फोन. म्हणाली, पप्पा, आत जातेय, वेळ झाला, तुम्ही सावकाश या, घाई करू नका. मी म्हटलं, बरं. मागून अनाउन्समेंट ऐकू येत होती. आणखी काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, आयडी प्रूफ घेतलंस ना? म्हणाली, घेतलं.

चाकणवरूनच वळलो. येताना एकाही गाण्याचा क्रम चुकला नाही. यंत्राचा निर्लज्जपणा.

निरोपाचं गाणं ओतूरच्या बसस्टँडजवळ लागलं. तिथे एक म्हैस आडवी उभी होती.

२ मार्च, रविवार
श्रेयाचा फोन. पोचली. खोली बरी आहे, पाण्याला वास येतो. मी विचारलं, मामाने गाडीत काय घाणेरडी गाणी लावली होती? मला त्याची आवड माहीत आहे.

म्हणाली, गाणी लावलीच नाहीत. मीच नको म्हटलं. बोलत होतो.

तीन तास? होय म्हणाली. नोकरीचं, तिथल्या भीतीचं, रात्री झोप लागत नाही त्याचं, असं सगळं मामाला सांगितलं. मामा खेडच्या घाटात रडला. मग ती रडली. मग आईने लाडू काढले.

काय हा दर्जा. तीन तासांचा प्रवास, एक सूर नाही, नुसतं बोलणं आणि गुटख्याच्या तोंडाने रडणं. मला शिसारी आली, तसं तिला म्हणालोही. ती हसली. म्हणाली, पप्पा, ठेवते, जेवायचंय.

ठेवला. मग आठवलं, झोप का लागत नाही ते विचारायचं राहिलं. परत फोन लावणार होतो. पण काय म्हणून सुरुवात करायची ते ठरेना.